हरताळातला ठोका

१

सोमवारी सकाळी तात्यांनी दुकानातलं काचेचं कपाट उघडलं तेव्हा वरच्या फळीवरचा क्रोनोमीटर जागेवर नव्हता. कुलूप शाबूत होतं. काचेला ओरखडासुद्धा नव्हता.

ठाकुरद्वारजवळचं आमचं दुकान गिरगावात घड्याळ दुरुस्तीसाठी ओळखलं जाई, पण गोदीत त्याचं नाव होतं ते बोटीवरच्या क्रोनोमीटरसाठी. भर समुद्रात आपली बोट नेमकी कुठे आहे हे काढायला अचूक वेळ लागते. ती वेळ सांगणारं हे घड्याळ चौकोनी लाकडी पेटीत दोन पितळी कड्यांमध्ये झुलतं ठेवलेलं असतं. बोट कितीही डोलली तरी तबकडी आडवीच राहते. त्याला रोज किल्ली द्यावी लागते. तो एकदा बंद पडला तर पुन्हा चालू करता येतो, पण रोज किती पुढे किंवा मागे जातो ही त्याची मोजून ठेवलेली चाल बदलते, आणि बोटीला तो तसा चालत नाही. नाहीसा झालेला क्रोनोमीटर एका मालवाहू बोटीचा होता. बोट शनिवारी सुटणार होती.

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?" फौजदार मोहित्यांनी विचारलं.

"एक माझ्याकडे," तात्या म्हणाले, "आणि एक लवूकडे."

तात्या विजयकर माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दुकानात तीस वर्षं होते. सकाळी अंघोळ करून, गंध लावून यायचे आणि दुकानातल्या प्रत्येक घड्याळाला स्वतः किल्ली द्यायचे. "चालतं घड्याळ बंद पडू देणं म्हणजे तेवत्या समईवर फुंकर घालणं," हे त्यांचं वाक्य मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आले होते.

लवू सावंत मालवणकडचा. दुकानात झाडलोट करायला आला आणि क्रोनोमीटर खोलून जोडणारा कारागीर झाला. पाटीवर लवूचंही नाव घालायचं असं अप्पांनी पंधरवड्यापूर्वीच बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी पेढे तात्यांनीच आणले होते.

तिसरा माणूस रामजी. गोदीतून पेट्या आणणारा, लवूच्याच गावचा. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्याने लाठी खाल्ली होती आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"शनिवारी कपाट कोणी लावलं?"

"मीच," लवू म्हणाला. "तेव्हा होता तो फळीवर."

"आणि त्यानंतर किल्ली?"

लवूने सदरा वर करून कमरेचा करदोटा दाखवला. दोन किल्ल्या होत्या, एक कपाटाची आणि एक त्याच्या ट्रंकेची. "ही काय. अंघोळीलासुद्धा सुटत नाही."

मोहिते अप्पांकडे वळले. "ऐकलंत धैर्यवानसाहेब? हा स्वतःच सांगतोय."

अप्पांनी मान खाली घातली. लवूसाठी त्यांनी एक शब्द टाकला असता तर काही तरी वेगळं झालं असतं. त्यांनी टाकला नाही. हवालदाराने लवूच्या दंडाला धरलं तेव्हा लवू अप्पांकडे बघत राहिला आणि मी लवूकडे.

"अप्पा," ते गेल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला खरंच वाटतं?"

"उर्मिला, मला काय वाटतं त्याने कुलूप उघडत नाही," अप्पा म्हणाले. "किल्ल्या दोन आहेत. तात्यांवर संशय घेऊ?"

२

मी त्या वेळी एम. एस्सी. होऊन परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. मंगळवारी दुपारी काम सोडून मी रामजीबरोबर लालबागला गेले. लवू राहायचा ती त्याच्या गावकीची खोली. गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या त्या एका खोलीत तीसेक गिरणीकामगार राहत. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवत. प्रत्येकाची स्वतःची अशी वस्तू एकच, पत्र्याची ट्रंक. भिंतीला लागून त्या ट्रंकांच्या उतरंडी होत्या आणि त्यांच्या वर फळीवर देव. पलीकडेच गिरणी होती. जमीन सतत थरथरत होती. कोपऱ्यातल्या हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती आणि ती मिटतच नव्हती.

खोलीचे कारभारी आबा राऊळ गोधडीवर बसले होते.

"काल पोलीस इल्ले," ते म्हणाले. "सगळ्या ट्रंका उघडा म्हणाले. मी म्हटलंय, लवूची तेच्या समोर उघडा, बाकीच्यांक हात लावचो नाय."

"लवूच्या ट्रंकेत काही मिळालं?"

"दोन सदरे, आणि बायकोसाठी घेतलेला लुगडा." आबांनी हात पसरला. "ताई, ही तीस माणसं उघड्या दारात झोपतात. कोणाचो आंघोळीचो पंचो चोरीक जाणा नाय. कित्याक? तर दुसऱ्याच्या ट्रंकेक कोणी हात लावणा नाय म्हणान. तो गावाक असूंदे, नायतर मेलेलो असूंदे."

रामजी म्हणाला, "मोहिते सांगून गेले आहेत, ताई. शुक्रवारी पहार घेऊन येतात. सगळी कुलपं फोडतील."

"आणि मग?"

आबांनी भिंतीकडच्या ट्रंकांकडे पाहिलं. "क्रोनोमीटर मिळालो, तर लवू चोर. नाय मिळालो, तरी तेच्यापायी तीस माणसांच्या ट्रंका फुटल्या. गावकी तेका परत खोलयेत घेवची नाय. माका सांगूक वाईट वाटता, पण मीच तेचा नाव काढतलंय. गावाक तेचा पोर शाळेत जाता. तेका काय सांगतले?"

म्हणजे शुक्रवारपर्यंत काही केलं नाही तर लवूची नोकरी जाणारच होती, वर खोलीही जाणार होती आणि गावसुद्धा.

"लवूची विचारपूस करायला इथे कोणी येतं?"

"तुमचे तात्या," आबा लगेच म्हणाले. "देवमाणूस. काल संध्याकाळी इले, आज आताच येवन गेले. देवासमोर बसतत, डोळे मिटून. आम्ही बाहेर गॅलरीत जावन उभे ऱ्हवतो. मोठो माणूस, आमच्या लवूसाठी रडता."

मी ट्रंकांच्या उतरंडीकडे बघत होते. एक कुलूपही न उघडता आत काय आहे हे कळलं तर आबांचा नियम मोडणार नव्हता आणि मोहित्यांची पहारही लागणार नव्हती. आणि चालत्या घड्याळाचा ठोका लपवता येत नाही. तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही.

"रामजी, माझ्याकडे एक यंत्र आहे," मी म्हणाले. "पत्रा केसाच्या हजाराव्या भागाइतका हलला तरी ते सांगतं."

"मग आणा."

मी हंड्यातल्या पाण्याकडे बोट केलं. "ही जमीन हलतेय तोवर त्याला गिरणीशिवाय काही ऐकू येणार नाही. दुसरी पाळी, तिसरी पाळी. गिरणी थांबते कधी?"

रामजी आणि आबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"परवा," रामजी म्हणाला. "गुरुवारी समितीचा हरताळ आहे."

३

हरताळात वाहनं नसतील म्हणून मी बुधवारी रात्री दादरला बेबीमावशीकडे राहिले आणि गुरुवारी तिथून चालतच निघाले. ट्राम नव्हती, बस नव्हती, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. परळच्या चिमण्यांतून धूर नव्हता. इतकी वर्षं मी ज्याला शांतता समजत होते ती गिरण्यांची घरघर होती हे मला त्या सकाळी समजलं.

प्रयोगशाळेतून यंत्र न्यायला खोलीतले चार जण आले होते. यंत्राचा आत्मा म्हणजे पेल्याएवढी एक पितळी डबी, आतून चांदीचा मुलामा दिलेली. लढाईतल्या रडारमधली एक नळी मला चोरबाजारात मिळाली होती. क्लायस्ट्रॉन म्हणतात तिला. ती अतिशय आखूड लांबीच्या रेडिओलहरी डबीत सोडते. तंबोऱ्याची तार जशी एकाच सुराला बोलते तशी डबी ठरावीक लहरींनाच प्रतिसाद देते. डबीची भिंत तसूभर सोडा, तसूच्या लाखाव्या भागाइतकी जरी सरकली तरी तिचा सूर बदलतो आणि त्याबरोबर तारेतला विजेचा प्रवाह बदलतो. माझ्या डबीला एका बाजूला मुद्दाम झरोका ठेवलेला होता. तो पत्र्यासमोर धरला की तो पत्राच डबीची एक भिंत होतो. पत्र्याला हात न लावता त्याचा कंप कानाच्या फोनमध्ये ऐकता येतो.

यंत्राला वीज मिळावी म्हणून आबांनी दिवा काढून होल्डर मोकळा करून दिला. तीस माणसं घरीच होती. निम्मी गॅलरीत, निम्मी भिंतीला टेकून.

"हलायचं नाही," मी म्हणाले. "खोकायचं नाही."

"श्वास घेतलो तर चलता?" मागून कोणीतरी विचारलं.

"हळू घ्या."

पहिल्या उतरंडीत काही नव्हतं. फोनमध्ये विजेची हलकी घूं आणि तिच्या खाली कुठेतरी रस्त्यावरच्या पावलांचा धप्प धप्प आवाज. दुसऱ्या उतरंडीत वरून तिसऱ्या ट्रंकेसमोर डबी धरली आणि मी दचकले. आत टिकटिक होती. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ती ताडून पाहिली. टिकटिक भराभर चालली होती, सेकंदाला पाच.

"ही कोणाची?"

एक काळासावळा तरुण पुढे आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझी. मनगटी घड्याळ असा. सासऱ्यान दिलेला."

"मग घालत का नाहीस?"

"ह्ये सगळे चिडवतत. म्हणतत, आता वेळेवर घराक जातलो."

खोलीत खसखस पिकली. आबांनी हात वर केला तेव्हा ती थांबली.

तिसरी उतरंड देवाच्या फळीखालची. खालून दुसरी ट्रंक हिरवी होती, तिच्यावर लाल अक्षरांत 'भि. घाडी' लिहिलेलं. डबी पत्र्यापासून बोटभर अंतरावर आणली. आधी काहीच नव्हतं. मग मी स्क्रू अर्धा फेरा फिरवून सूर जुळवला आणि घूंच्या आतून एक ठोका आला. थांबून दुसरा. थांबून तिसरा. मनगटी घड्याळाची घाई त्यात अजिबात नव्हती. अर्ध्या सेकंदाला एक, कोरडा, ठाम, लहानपणापासून ऐकलेला.

मी ट्रंकेला नुसता कान लावला. काहीच ऐकू येत नव्हतं. आत तो नक्कीच कपड्यांत गुंडाळलेला होता.

"काय ताई?" रामजीने विचारलं.

"मिळाला," मी म्हणाले.

क्रोनोमीटर लवूच्याच खोलीत होता.

४

मोहिते नाक्यावर बंदोबस्ताला होते. आबांनी निरोप पाठवला तेव्हा ते शिरस्त्राण काखेत धरूनच आले. कानाला फोन लावून त्यांनी ठोके ऐकले आणि तो उतरवून माझ्या हातात दिला.

"अभिनंदन, बाई. आमचं काम तुम्ही केलंत. भिकाजी घाडी कुठे आहे?"

"गावाक," आबा म्हणाले. "शिमग्याक गेलो तो अजून येवक नाय."

"किल्ली?"

"गावाक जाणाऱ्याची किल्ली देवाच्या पायाकडे ठेवतत."

"म्हणजे खोलीतल्या कोणालाही घेता येते. लवूलाही." मोहित्यांनी आबांकडे पाहिलं. "संपलं."

आबांनी कपाळावर हात मारला. मला हसू येत होतं आणि ते लपवता येत नव्हतं.

"फौजदारसाहेब, तुम्ही लवूला कधी नेलंत?"

"सोमवारी सकाळी. तुमच्याच समोर."

"त्यानंतर तो सुटला होता?"

"चौकीतून? माझ्या? ट्रंक दाखवायला इथे आणला तोही बेडीतच." त्यांच्या मिशा किंचित ताठ झाल्या.

"आज गुरुवार. हा क्रोनोमीटर एकदा किल्ली दिली की दोन दिवस चालतो, वर फार तर आठ तास. लवूने सोमवारी सकाळी दिली असती तरी काल संध्याकाळी तो बंद पडला असता. आत्ता तुम्ही जे ऐकलंत ते काय होतं?"

मोहित्यांनी फोन पुन्हा माझ्या हातातून घेतला. कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिले.

"चालू आहे," ते हळू म्हणाले.

"लवू आत असताना कोणीतरी बाहेरून किल्ली दिली आहे."

"साथीदार असेल."

"असू शकेल. पण चोरलेल्या मालाला रोज किल्ली देण्याचा उपद्व्याप चोर कशाला करेल? बंद ठेवला तर ठोका नाही, सापडण्याची भीती नाही. ज्याला तो बंद पडलेला सहन होत नाही असाच माणूस हे करेल. आणि करायचं कसं हे ज्याला माहीत आहे. ह्याच्या तबकडीवर किल्लीचं भोक नसतं. आबा, तुम्ही कुठे शोधाल?"

"माका काय म्हायत?"

"बघा. तो कड्यांमध्ये पालथा करावा लागतो, भोक पाठीवर असतं. हे दुकानातल्या माणसांनाच ठाऊक आहे. अप्पा, तात्या, लवू, रामजी आणि मी."

सगळ्यांच्या नजरा रामजीकडे वळल्या. रामजीचा चेहरा पडला.

"ताई, मी इथेच राहतो," तो म्हणाला. "पण मी नाही."

"माहीत आहे. पालथा केलेला क्रोनोमीटर एका हाताने धरून ठेवावा लागतो, नाही तर तो सुलटा होतो. दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. दोन हात लागतात. तुझा एक तर पांढरा दगड झालाय."

रामजीने आपल्या प्लास्टरकडे असं पाहिलं की जणू ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. आबांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला.

"अप्पांनी लालबाग आजवर पाहिलेलं नाही," मी पुढे म्हणाले. "मी इथे मंगळवारी एकदा आले आणि आबा पूर्णवेळ माझ्यासमोर होते. आता उरलं कोण?"

मोहिते काही बोलण्याआधी आबाच म्हणाले, "देवमाणूस." आणि मग त्यांनी फळीवरच्या देवाकडे पाहून कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"तर्क चांगला आहे," मोहिते म्हणाले. "पण साठीचा, गंध लावणारा, मालकाच्या घरचा माणूस. मॅजिस्ट्रेटसमोर मी काय सांगू, प्लास्टर आणि हा पितळी पेला?"

"आज ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही," मी म्हणाले. "तात्या कालही इथे येऊन गेले. कालची किल्ली उद्यापर्यंत पुरते, तेव्हा आज कोणाला यायची गरज नाही. तरीही आज दुपारी कोणी गिरगावातून इथवर पायी आलं तर तुमची खात्री पटेल?"

"गिरगावातून? ह्या उन्हात?"

"तीस वर्षांत त्यांनी एकही सकाळ चुकवलेली नाही. दुकान बंद असलं तरी रविवारी येऊन किल्ल्या देऊन जातात. ते एक दिवस सोडू शकणार नाहीत, साहेब. त्यांना जमायचंच नाही."

५

देवाच्या फळीमागे लाकडी फळ्यांची भिंत होती आणि तिच्या पलीकडे शेजारच्या गाववाल्यांची खोली. सुक्या लाकडातून माझ्या लहरी आरपार जातात. आम्ही यंत्र पलीकडे नेलं आणि डबीचा झरोका त्या भिंतीला टेकवून बरोबर भिकाजीच्या ट्रंकेसमोर ठेवला. फोन दोन होते. एक माझ्या कानाला, एक मोहित्यांच्या. ते गोधडीवर मांडी घालून बसले होते, शिरस्त्राण मांडीत.

ऊन कलायला लागलं तेव्हा गॅलरीतून आबांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा. "या तात्यानू, या. चलत इलात?"

मोहित्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्याच्यासाठी यायलाच हवं," तात्यांचा दमलेला आवाज. "लवूची काही खबर?"

"नाय ओ. पाणी घेतल्यात?"

"आधी देवाला हात जोडतो."

पावलं आली. आबा बाकीच्यांना घेऊन गॅलरीत गेले. दार ओढून घेतल्याचा धक्का फोनमध्ये ढगासारखा गडगडला. मग काही वेळ नुसते ठोके. माझी छाती त्यांच्यापेक्षा जोरात वाजत होती आणि मला भीती वाटत होती की यंत्र तीच पकडेल.

वर फळीवर काहीतरी खरवडलं. वरच्या ट्रंका सरकल्या. मग कुलपाचा खटका, आणि बिजागऱ्या करकरल्या. गिरणी चालू असती तर शेजारच्या माणसालाही हे ऐकू आलं नसतं. ठोके एकदम मोठे झाले. क्षणभर त्यांचा पोत बदलला, जड झाला. तो पालथा होत होता.

आणि मग तो आवाज. कर्र. थांबून कर्र. थांबून कर्र. दातेरी चाकावरून खटका सरकण्याचा तो आवाज मी शाळेत जाताना रोज ऐकलेला होता, आणि तितक्याच सावकाश, तितक्याच समान अंतराने किल्ली फिरवणारा मुंबईत दुसरा कोणी नव्हता.

मोहिते उठले. आम्ही गॅलरीतून धावत गेलो आणि त्यांनी दार ढकललं.

तात्या ट्रंकेसमोर गुडघ्यांवर बसले होते. डाव्या तळहातावर पालथा क्रोनोमीटर, उजव्या हातात किल्ली. त्यांनी आम्हाला पाहिलं. किल्ली मात्र सोडली नाही.

"थांबा," ते म्हणाले. "अर्धी राहिली. पुरी होऊ दे."

मोहिते थांबले. दारात तीस माणसं थांबली. तात्यांनी उरलेले फेरे दिले, घड्याळ अलगद सुलटं केलं, तबकडीवर एकदा नजर टाकली, आणि मगच किल्ली खाली ठेवली.

"तात्या, का?" मी विचारलं.

"तीस वर्षं, उर्मिला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पाटीवर नाव त्याचं. झाडू घेऊन आला होता तो. मी त्याला घड्याळाच्या काट्यांची नावं शिकवली."

"म्हणून चोर ठरवायचा?"

"फक्त हाकलून द्यायचा होता. रविवारी हे सगळे सभेला गेले होते तेव्हा आणून ठेवला. वाटलं होतं, सोमवारी पोलीस येतील, ट्रंका उघडतील, संध्याकाळी क्रोनोमीटर दुकानात परत. शनिवारी बोटीवर. दुकानाची अब्रू जायला नको होती." त्यांनी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे प्रथमच नीट पाहिलं. "पत्र्याच्या ट्रंका. पोलिसांनी सांगितल्यावर कोण नाही म्हणतं? मला वाटलं नव्हतं हे लोक नाही म्हणतील."

आबा पुढे आले. मला वाटलं ते हात उगारतात की काय. त्यांनी फक्त भिकाजीच्या ट्रंकेचं झाकण मिटलं, आणि म्हणाले, "गिरगावात चार भिंती असतत, तात्यानू. हयसर माणसाक एवढोच पत्रो."

६

मोहित्यांनी तात्यांना चौकीत नेलं आणि तिथून अप्पांना फोन केला. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा लालबागला आले, तेही पायी, कोट हातावर घेऊन, धुळीने माखलेल्या बुटांनी.

तोवर बातमी नाक्यानाक्यावर गेली होती. हरताळामुळे सगळे रिकामेच होते आणि सकाळपासून घोषणा देऊन गळे तापलेले होते. चौकीसमोर दोनशे माणसं जमली आणि 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेच्या चालीवर कोणीतरी सुरू केलं, "लवू सावंत सुटलाच पाहिजे." गर्दी इतकी रंगात आली की लवू बाजूच्या दाराने बाहेर येऊन त्यांच्या मागे उभा राहिला तरी कोणाला पत्ता नव्हता.

"सुटलंय रे," तो मागून म्हणाला. "घसे कित्याक फोडतास?"

मग मात्र त्याला कोणी जमिनीला पाय टेकू दिले नाहीत. रामजीने एका हाताने त्याची तंगडी धरली होती आणि तो सगळ्यांत जास्त आरडत होता.

मोहित्यांनी चौकीच्या दारातल्या टेबलावर पंचनामा संपवून मान वर केली. "हे घड्याळ पुरावा आहे. खटला संपेपर्यंत इथेच राहील."

लवू खाली उतरला. "ठेवा की साहेब. पण मग किल्ली द्यायला मला रोज चौकीत यावं लागेल. आणि रेडिओवर वेळेचे ठोके लागतात तेव्हा ते ताडून बघताना इथे कोणी बोलायचं नाही. शिंकायचंसुद्धा नाही."

मोहित्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चौकीत तेव्हा तीन जण एकदम बोलत होते. त्यांनी बोटीच्या कंपनीचं नाव आणि घड्याळाचा नंबर लिहून घेतला, अप्पांकडून जामीनपत्र घेतलं आणि पेटी लवूच्या हातात दिली. लवूने झाकण उघडून आधी तबकडीकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे, मग मान हलवली. वेळ जुळत होती, मधल्या दिवसांत तो एकदाही थांबला नव्हता.

अप्पा पुढे आले. "लवू," ते म्हणाले, "माझं चुकलं. मी एक शब्द बोलायला हवा होता."

लवूने झाकण मिटलं.

"मालक, चौकीत नको," तो म्हणाला. "इथे मला नुसतं कोंडलं होतं, नाव जाणार होतं ते खोलीतून. खोलीत या. तिथे माझ्यासमोर नाही, आबांसमोर सांगा."

अप्पांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. मग त्यांनी कोट माझ्या हातात दिला.

तीस माणसांच्या त्या खोलीत अप्पा जमिनीवर बसले, कारण दुसरं काही बसायला नव्हतं. त्यांनी आबांना हात जोडले. "लवू सावंत प्रामाणिक माणूस आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं मला हे ठाऊक होतं. सोमवारी मी ते विसरलो. दोष माझा, त्याचा नाही. तुमच्या गावाला तुम्ही हे असंच कळवा."

आबांनी खोलीभर नजर फिरवली, एका एका माणसावर, आणि प्रत्येकाने मान हलवली. शेवटचा होता तो मनगटी घड्याळवाला.

"लिवतो," आबा म्हणाले. "पण कागदार नुसता लवूचा नाव नको. मालकान चलत येवन सांगितल्यान, असा लिवतो."

आणि मग ते मागे वळून ओरडले, "ताटां वाढा रे. मालकांक भूक लागली असतली, आणि तीन दिवस लवून चौकीतला खाल्ल्यान हा."